तीन माणसं, एक टोळी आणि ‘दहशतवादी’ नावाचा शिक्का

ह्यूस्टनच्या मावसभावाचा फोन आमच्या रविवार सकाळी येतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते आणि तो निवांत असतो. परवा हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर त्याने एकदम विचारलं, "ताई, आपल्याकडे एखादी संघटना दहशतवादी ठरवायची तर दिल्लीतून अधिसूचना निघते ना? मग इथे आमचा गव्हर्नर बसल्या जागी कसा ठरवतो गं? आधी ड्रग कार्टेल, मग आणखी कोण कोण. हे कुठवर जाणार?"

मी म्हटलं, थांब, हे फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहूनच काढते.

## आधी घडलं काय ते

कार्टेल म्हणजे मुळात भाव पडू नयेत म्हणून आपसांत संगनमत करणारे व्यापारी. मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांना हे नाव चिकटलं आणि कायमचं राहिलं. आता त्या नुसत्या भाव ठरवत नाहीत. कच्चं रसायन आणणं, माल बनवणं, सीमेपार नेणं, पैसा फिरवणं आणि वाटेत येईल त्याला मारणं असा सगळा कारभार त्या चालवतात. गेल्या दशकात त्यांच्या हाती फेंटानिल आलं. हे वेदनाशामक रसायन हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र असतं. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, माणसाचा जीव घ्यायला पुरतात. अमेरिकेत नशेच्या अतिसेवनाने मरणाऱ्यांचा आकडा २०२१ ते २०२३ दरवर्षी एक लाखाच्या वर राहिला आणि त्यातले बहुतेक मृत्यू अशाच, अफूसारखा परिणाम करणाऱ्या कृत्रिम रसायनांमुळे झाले.

टेक्सास राज्याची सीमा मेक्सिकोला लागून आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथले गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सिनालोआ आणि हालिस्को न्यू जनरेशन या दोन कार्टेलांना आदेश काढून दहशतवादी संघटना जाहीर केलं आणि केंद्रानेही तसंच करावं अशी बायडन यांच्याकडे मागणी केली. २०२३ मध्ये विधिमंडळाने त्यासाठी कायदाच केला. तो १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. वर्षभराने व्हेनेझुएलातल्या ‘ट्रेन दे अरागुआ’ या टोळीवर तोच शिक्का बसला.

केंद्र यात मागून आलं. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, आदेश काढला. महिन्याभरात परराष्ट्र खात्याने आठ टोळ्या परकीय दहशतवादी संघटनांच्या यादीत घातल्या. त्यात सिनालोआ आणि हालिस्को होत्या, गल्फ होती, ट्रेन दे अरागुआ होती, एमएस-१३ पण होती.

म्हणजे आता दोन शिक्के आहेत, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. दोन्हींवर शब्द तोच आहे, ताकद मात्र वेगळी. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

## शिक्का बसल्याने नवं काय होतं?

खून आधीही गुन्हा होता. तस्करी आधीही गुन्हा होती. मग नुसतं नाव बदलून काय साधतं?

आपल्याकडे याची जोडी लगेच सापडते. एखाद्या टोळीवर ‘मोक्का लागला’ अशी बातमी येते तेव्हा गुन्हा नवा नसतो. खंडणी तीच, मारामारी तीच. पण जामीन अवघड होतो, शिक्षा वाढते आणि सुट्या माणसाऐवजी अख्खी टोळी कोर्टापुढे उभी राहते. हा शिक्काही तसाच चालतो.

केंद्राचा शिक्का मात्र आणखी एक काम करतो. यादीतल्या संघटनेला जाणूनबुजून ‘साहाय्य’ करणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि त्याला २० वर्षांपर्यंत कैद आहे. त्या साहाय्यातून कोणाचा जीव गेला तर जन्मठेपसुद्धा. साहाय्य म्हणजे केवळ बंदूक नाही. पैसा, राहायला जागा, वाहन, प्रशिक्षण, सल्ला, सगळं त्यात येतं. २०१० मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टापुढे एक प्रकरण आलं होतं. काही लोकांना कुर्द बंडखोरांना आणि आपल्या शेजारच्या तमिळ वाघांना शांततेच्या मार्गाने, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधाराने भांडण कसं सोडवावं हे शिकवायचं होतं. कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की हे शिकवणंदेखील साहाय्यच आहे.

टेक्सासच्या २०२३ च्या कायद्यात असा साहाय्याचा गुन्हा नाही. तो तीन गोष्टी करतो. शिक्कामोर्तब झालेल्या संघटनेचा सदस्य म्हणून ठरावीक गुन्हे केले तर शिक्षा एक पायरी वर चढते. जिथे २ ते २० वर्षं झाली असती तिथे ५ ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप. दुसरं, राज्याच्या टोळीविषयक माहितीसाठ्यात अशा लोकांची नोंद करता येते. तिसरं, एखाद्या जागेत वा परिसरात त्यांचा उपद्रव आहे म्हणून दिवाणी दावा लावून त्यांना तिथे फिरकायला मनाई मिळवता येते. ही तिसरी तरतूद म्हणजे ढोबळमानाने आपली तडीपारी, फक्त जिल्ह्याऐवजी एखाद्या वस्तीपुरती किंवा इमारतीपुरती.

## एक वाक्य, सावकाश वाचलेलं

टेक्सासच्या दंडसंहितेत ‘परकीय दहशतवादी संघटना’ कशाला म्हणायचं हे एकाच वाक्यात आहे. मराठीत ते साधारण असं होईल: तीन किंवा अधिक माणसं, जी निदान अंशतः अमेरिकेबाहेर संघटना म्हणून वावरतात, गुन्हेगारी कृत्यं करतात आणि या राज्याच्या किंवा इथल्या रहिवाशांच्या सुरक्षेला धोका निर्माण करतात, यात ड्रग कार्टेल येतात, पण व्याख्या तेवढ्यापुरती नाही.

आता एकेक शब्द उचलून बघू.

तीन माणसं. कॅरम खेळायला बसले तर चौथा शोधावा लागेल, पण दहशतवादी संघटना व्हायला तिघं पुरे.

गुन्हेगारी कृत्यं. कोणती? वाक्यात सांगितलेलं नाही. केंद्राच्या कायद्यात ‘दहशतवादी कृत्य’ म्हणजे विमान पळवणं, ओलीस धरणं, बॉम्ब, हत्या अशी फोड आहे. इथे हिंसेचीसुद्धा अट नाही.

सुरक्षेला धोका. तो कोणी मोजायचा आणि कशाने, हेही नाही.

आणि ‘दहशत’? हा शब्द मथळ्यात आहे, मजकुरात नाही. लोकांमध्ये भीती पसरवणं, सरकारला झुकवणं, राजकीय हेतू, यातलं काही सिद्ध करायची गरज ही व्याख्या ठेवत नाही. वाक्याचा सांगाडा पाहिला तर ती त्याच कायद्यातल्या गल्लीतल्या टोळीच्या व्याख्येची सख्खी बहीण वाटते. तिथेही तीन माणसंच आहेत. इथे फक्त ‘अमेरिकेबाहेर’ एवढं जोडलं आहे आणि वर भारी नाव ठेवलं आहे.

आपला १९९९ चा मोक्का कडक म्हणून ओळखला जातो. पण त्यातसुद्धा आधीच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं कोर्टाने दाखल करून घेतलेली असावी लागतात. गुन्हा नोंदवायलाच उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि खटला चालवायला त्याहून वरच्याची. केंद्राच्या अमेरिकी यादीलाही पायऱ्या आहेत. परराष्ट्रमंत्री ठरवतात, संसदेला सात दिवस आधी कळवावं लागतं, राजपत्रात छापावं लागतं, आणि नाव आलेल्या संघटनेला ३० दिवसांत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात जाता येतं. टेक्सासच्या त्या वाक्याच्या मागेपुढे असा जिना नाही.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. फौजदारी खटल्यात गव्हर्नरचा आदेश हा पुरावा नव्हे. ही टोळी व्याख्येत बसते आणि हा आरोपी तिचा सदस्य आहे, हे सरकारी वकिलाला ज्युरीपुढे दर वेळी सिद्ध करावं लागतं. अडचण कोर्टाबाहेर आहे. बँक, घरमालक, देणगीदार ज्युरीचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीत. ते बातमी वाचतात आणि दार लावून घेतात.

## "पण ते खरोखरच दहशतवादी नाहीत का?"

हा आक्षेप हलका नाही. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी सिनालोआ राज्याच्या राजधानीत, कुलियाकानमध्ये, मेक्सिकोच्या जवानांनी सिनालोआ कार्टेलचा म्होरक्या ‘एल चापो’ गुसमान याचा मुलगा ओविदियो याला पकडलं. काही तासांत टोळीचे शेकडो बंदूकधारी रस्त्यावर उतरले, जळती वाहनं लावून चौक अडवले, जवानांच्या कुटुंबांच्या वसाहतीवर चाल केली. शेवटी सरकारने त्याला सोडून दिलं. एका शहराला ओलीस धरून सरकारला झुकवलं, याला दहशत नाही तर काय म्हणायचं? हालिस्कोच्या टोळीने २०१५ मध्ये लष्कराचं हेलिकॉप्टर पाडलं होतं आणि २०२० मध्ये मेक्सिको सिटीच्या पोलीसप्रमुखांवर भर रस्त्यात हल्ला केला होता.

तरी जाणकार एक फरक दाखवतात. दहशतवादी संघटनेला सत्ता, भूमी किंवा धर्म-विचारांचा विजय हवा असतो. कार्टेलला गिऱ्हाईक हवं असतं. गिऱ्हाईक आहे तोवर म्होरक्या पकडला तरी दुसरा उभा राहतो. ओविदियो २०२३ मध्ये पुन्हा पकडला गेला, अमेरिकेत गेला, तिथे गुन्हा कबूलही केला. फेंटानिल त्यामुळे थांबलं नाही.

मला स्वतःला या शब्दच्छलात फार रस नाही. कुलियाकानच्या रहिवाशाला त्या दुपारी हेतू राजकीय की धंदेवाईक याने काय फरक पडला असेल? माझा प्रश्न वेगळा आहे. शिक्का टोळीवर मारला, तरी त्याची शाई कोणाकोणाच्या हाताला लागते?

## "गुन्हेगाराने घाबरावं, आपल्याला काय?"

मेक्सिकोतलं मिचोआकान राज्य ॲव्होकाडोचं आगर आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ॲव्होकाडोंपैकी बहुतेक मेक्सिकोतून येतात आणि त्यात मिचोआकानचा वाटा सर्वात मोठा. या फळाला तिथे ‘हिरवं सोनं’ म्हणतात, आणि सोनं म्हटलं की हप्ता आला. बागायतदार, पॅकिंगवाले, ट्रकवाले टोळ्यांना पैसे देतात. त्याला स्पॅनिशमध्ये ‘जागेचा हक्क’ अशा अर्थाचं गोंडस नाव आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये उरुआपान शहरात तपासणी करणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्याला फोनवर धमकी आली आणि अमेरिकेने आयात आठवडाभर थांबवली होती. सरकारी माणसाची ही गत, तर शेतकऱ्याने नाही कसं म्हणायचं?

आता याच टोळ्या यादीत आहेत. मिचोआकानमध्ये वावरणाऱ्या ‘कार्तेलेस उनिदोस’ आणि ‘ला नुएवा फामिलिया मिचोआकाना’ या दोन्ही त्या आठांत आहेत. मग हप्ता देणारा बागायतदार पीडित की साहाय्यकर्ता? आणि त्याच्याकडून माल घेणारी अमेरिकी कंपनी, जिला हे ठाऊक आहे?

हे नुसते तर्क नाहीत. केळी विकणारी चिकिटा कंपनी कोलंबियातल्या एका निमलष्करी संघटनेला वर्षानुवर्षं पैसे देत होती, एकूण सुमारे १७ लाख डॉलर. संघटना २००१ मध्ये यादीत गेली, पैसे त्यानंतरही चालूच राहिले. कामगारांच्या जिवासाठी द्यावे लागले, असं कंपनीचं म्हणणं होतं. २००७ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि अडीच कोटी डॉलर दंड भरला. २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या ज्युरीने त्या संघटनेने मारलेल्या आठ जणांच्या कुटुंबांना ३ कोटी ८३ लाख डॉलर द्यायला सांगितलं. सिमेंट बनवणाऱ्या लाफार्जने सीरियात आयसिसला पैसे दिल्याचं २०२२ मध्ये कबूल केलं. तिथे दंड आणि जप्तीचा आकडा ७७ कोटी ८० लाख डॉलरचा होता.

मोठ्या कंपनीकडे निदान वकील असतात. कोलंबियातल्या एका व्यावसायिक बाईंनी फार्क बंडखोरांच्या धमकीमुळे त्यांना सामान दिलं होतं. पुढे त्यांनी अमेरिकेत आश्रय मागितला. २०१६ मध्ये तिथल्या स्थलांतरविषयक अपील मंडळाने सांगितलं की या तरतुदीत जबरदस्तीची सूट गृहीत धरता येत नाही. ज्या बंडखोरांमुळे पळून यावं लागलं, त्यांनाच ‘साहाय्य’ केल्याचा ठपका आश्रयाच्या आड आला.

आणि हो, एक गंमत. मेक्सिकोत जप्त होऊन माग काढलेल्या बंदुकांपैकी बहुतेक अमेरिकेतून गेलेल्या असतात, आणि टेक्सास त्या पुरवठ्यात वरच्या क्रमांकावर आहे. टोळ्या दहशतवादी, तर त्यांना शस्त्र पोचवणारी साखळी कोण? बंदूक कंपन्यांवर मेक्सिको सरकारने लावलेला दावा जून २०२५ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने एकमताने फेटाळला.

## राज्याला हा अधिकार आहे का?

मावसभावाचा मूळ प्रश्न हाच होता. उत्तर: शिक्षा ठरवण्याचा आहे, परराष्ट्र धोरण ठरवण्याचा नाही.

अमेरिकेत खून-दरोड्यांचे बहुतांश कायदे राज्यांचेच असतात. तेव्हा टेक्सासने टोळीच्या सदस्याची शिक्षा वाढवली तर त्यात घटनाबाह्य काही दिसत नाही. पण परदेशाशी व्यवहार केंद्राचा. मॅसॅच्युसेट्सने एकदा ब्रह्मदेशाशी धंदा करणाऱ्या कंपन्यांना सरकारी खरेदीत मागे टाकणारा कायदा केला होता. सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये तो एकमताने रद्द केला. ॲरिझोनाच्या स्थलांतरविरोधी कायद्यातली आव्हान दिलेल्या चारपैकी तीन कलमंही २०१२ मध्ये अशीच गेली. केंद्राने ठरवलेल्या वाटेत राज्याने स्वतःचं फाटक लावू नये, असा त्यामागचा विचार.

आपल्याकडे हाच वाद मोक्क्यावर झाला आहे. त्यातल्या संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत ‘बंडाळीला चिथावणी’ असे शब्द आहेत. हा तर दहशतवादाचा विषय, म्हणजे केंद्राचा, राज्याने त्यात हात घातलाच कसा, असं आव्हान सुप्रीम कोर्टात गेलं. २०१० मध्ये कोर्टाने महाराष्ट्राच्या बाजूने निकाल दिला. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने अमली पदार्थांचे गुन्हेही मोक्क्याखाली आणले. ‘दहशतवादी’ हा शब्द न वापरता टेक्सासने जे केलं त्याच्या बरंच जवळ आपण आलो.

कॅनडाचा रस्ता उलटा आहे. तिथे फौजदारी कायदा केंद्राकडेच असतो, त्यामुळे ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांच्या प्रमुखांना लॉरेन्स बिश्नोई टोळीबद्दल फक्त मागणी करता आली. यादीत नाव घालायचं काम सप्टेंबर २०२५ मध्ये ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने केलं.

## कार्टेलसाठी उघडलेलं दार

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ॲबट यांनी आणखी दोन नावं जाहीर केली. एक मुस्लिम ब्रदरहूड ही इजिप्तमध्ये सुरू झालेली इस्लामी चळवळ, दुसरं ‘केअर’. केअर ही १९९४ पासून अमेरिकेतच काम करणारी, मुस्लिमांच्या नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था आहे, तिचं मुख्यालय वॉशिंग्टनमध्ये. ती केंद्राच्या यादीत नव्हती. या घोषणेत टेक्सासमध्ये जमीन घेण्यावरही बंदी होती. आधार म्हणून वर वाचलेलं ते वाक्य पुढे केलं होतं, जे ड्रग कार्टेलसाठी लिहिलं गेलं. ‘पण व्याख्या तेवढ्यापुरती नाही’ हे शेवटचे शब्द इथे कामी आले. केअरच्या टेक्सास शाखा कोर्टात गेल्या. पुढच्याच महिन्यात फ्लोरिडाच्या गव्हर्नरनेही तसाच आदेश काढला.

केअरबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो. २०२३ मध्ये या कायद्याच्या बाजूने बोलणारे फेंटानिलने मेलेल्या मुलांबद्दल बोलत होते. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये, ज्या अधिवेशनात मोक्क्याची दुरुस्ती झाली त्यातच, जनसुरक्षा विधेयकही मंजूर झालं. त्यावर विरोधकांनी घेतलेला आक्षेप याच जातीचा होता: संघटना बेकायदा ठरवणारे शब्द सैल आहेत. त्यात निदान सल्लागार मंडळाची पायरी आहे.

## मग नशा तरी कमी झाली का?

अतिसेवनाचे मृत्यू २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास आले. घट मोठी आहे, पण ती देशभर झाली, असे कायदे असलेल्या राज्यांत आणि नसलेल्या राज्यांतही, आणि केंद्राची यादी येण्याआधी. उतारा देणारं नालोक्सोन औषध सहज मिळू लागणं, उपचार वाढणं, मालाची तीव्रता घटणं अशी कारणं अभ्यासक मांडतात. शिक्क्याचा त्यात वाटा किती हे आकड्यांतून काढता येत नाही. सीमेवर पकडलं जाणारं बहुतेक फेंटानिल अधिकृत नाक्यांवर, गाड्यांत लपवलेलं सापडतं आणि फेंटानिल तस्करीत शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिकच असतात.

ॲरिझोनाच्या विधिमंडळाने मात्र हा प्रश्न थेट लोकांपुढे न्यायचं ठरवलं: नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर, ड्रग कार्टेलांना दहशतवादी संघटना म्हणावं का? त्या प्रस्तावात नवी शिक्षा नाही. राज्याच्या सुरक्षा खात्याने आपल्या अधिकारात असेल ते सगळं करावं, एवढंच आहे. मी हे मावसभावाला कळवलं. त्याचा उलट मेसेज आला, "आणि अधिकारात काय काय येतं?" मी त्याला ते टेक्सासचं वाक्य पुन्हा पाठवलं आणि शेवटच्या शब्दांखाली रेघ मारली.